खेळण्याआधीचा क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी कम्प्लायन्सचे काम करते. प्रशिक्षकाने संघ निवडला तरी त्यातला प्रत्येक खेळाडू नियमांनुसार पात्र आहे, असे आमच्या कार्यालयाने कागदोपत्री प्रमाणित केल्याशिवाय तो सामन्यात उतरू शकत नाही. डिसेंबर २०२३ मधला एक गुरुवार कायमचा माझ्या लक्षात राहिला आहे. न्यायालयाने आदल्याच दिवशी मोकळी केलेली वाट एका मुलासाठी त्याच्या गुणपत्रिकेत अडून बसली होती, आणि तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाडू म्हटले की आंतरविद्यापीठ स्पर्धा, प्रवासभत्ता आणि हजेरीत थोडी सवलत एवढेच डोळ्यांसमोर येते. इथे बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या अनेक मुलांची फी, राहणे आणि जेवण हे सारे क्रीडा शिष्यवृत्तीवर चालते. महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागातल्या साडेतीनशेहून अधिक संस्था चांगल्या खेळाडूंसाठी चढाओढ करत असतात. मात्र पहिल्या प्रवेशापासून पाच वर्षांत चार हंगाम, एवढीच प्रत्येकाची मुदत असते. त्यामुळे महाविद्यालय बदलल्यावर एक वर्ष न खेळता काढण्याचा जुना नियम फार जाचक वाटे. बहुतेक खेळांत पहिल्या बदलीला त्यातून सूट मिळत असे. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीत ती नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली करू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू झाले आणि जाण्यासाठी जुन्या संस्थेची परवानगी मागण्याची गरज उरली नाही. खेळाडूने लेखी कळवले की आम्हाला कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव पोर्टलवर चढवावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीची सूट सर्व खेळांना मिळाली. पदवी पूर्ण होण्याआधी दुसऱ्यांदा बदली करणाऱ्याला मात्र विशेष सवलतीसाठी अर्ज करावा लागे, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या सवलतीचे निकष आणखी कडक झाले.

आमच्याकडे आलेला मुलगा बास्केटबॉल खेळणारा होता आणि हे त्याचे तिसरे विद्यापीठ होते. आधीच्या ठिकाणचे प्रशिक्षक गेले होते, आणि घरी आजारपण होते. त्याच्या अर्जाला मी जे कागद जोडले, त्यांत वैद्यकीय अहवाल होते आणि आईने लिहिलेले पत्र होते. एकवीस वर्षांच्या मुलाने खेळायला मिळावे म्हणून घरातले दुःख अनोळखी लोकांपुढे पुराव्यासारखे मांडायचे, ही गोष्ट मला तेव्हाही पटत नव्हती आणि आजही पटत नाही. अर्ज नामंजूर झाला. तो संघाबरोबर सराव करत राहिला आणि सामन्यांच्या वेळी साध्या कपड्यांत बाकावर बसू लागला.

बुधवारी, १३ डिसेंबरला, वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी ओहायोसह सात राज्यांच्या दाव्यात १४ दिवसांचा तात्पुरता मनाई आदेश दिला आणि दुसऱ्या बदलीवरचा तो नियम लागू करण्यास एनसीएएला रोखले. बातमी येताच प्रशिक्षकांचा फोन आला. शनिवारी सामना होता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

गुरुवारी सकाळी मी प्रथम विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांची नोंद ठेवणारे निबंधक कार्यालय गाठले. बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याचा नियम आणि अभ्यासातील प्रगतीचा नियम हे दोन वेगळे नियम आहेत, आणि न्यायालयाने हात लावला होता तो फक्त पहिल्याला. तिसऱ्या वर्षात प्रवेश करताना खेळाडूने निवडलेल्या पदवीच्या एकूण अभ्यासक्रमाचा ४० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो, चौथ्या वर्षी ६० टक्के आणि पाचव्या वर्षी ८०. हा भाग क्रेडिटमध्ये, म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या एककांत, मोजतात. पदवी १२० क्रेडिटची असेल तर तिसऱ्या वर्षासाठी ४८ क्रेडिट हवीत. मुलाच्या दोन विद्यापीठांच्या गुणपत्रिका मिळून ६१ क्रेडिट होती, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काळजीचे काही कारण दिसले नसते. पण ती ४८ क्रेडिट त्याच पदवीच्या गणतीत धरली जाणारी असावी लागतात. त्याने आमच्याकडे मानसशास्त्र घेतले होते. पहिल्या ठिकाणी क्रीडा व्यवस्थापन आणि दुसऱ्या ठिकाणी व्यापार, असा त्याचा प्रवास होता, आणि दोन्हीकडचे कितीतरी विषय आमच्या मानसशास्त्राच्या चौकटीत कुठेच बसत नव्हते. इंग्रजी लेखनाचा एक विषय तर त्याने दोनदा केला होता, कारण दुसऱ्या विद्यापीठाने पहिल्याचा तो धरलाच नव्हता. निबंधक कार्यालयातल्या सहकारी बाईंनी सगळे जुळवून आकडा सांगितला तो ४६.

दोन विषयांचा निर्णय अजून मानसशास्त्र विभागाकडे होता: व्यापार शाखेत केलेले संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीचा एक प्राथमिक विषय. परीक्षांचा आठवडा होता. विभागाचे प्राध्यापक उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मी दोन्ही विषयांचे अभ्यासक्रम त्यांच्या टेबलावर ठेवले आणि शनिवारच्या सामन्याबद्दल एक शब्दही काढला नाही. क्रीडा विभागाच्या माणसाने शिक्षकावर अशा वेळी जराही भार टाकू नये, हे माझ्या कामातले पहिले पथ्य आहे. त्यांनी दोन्ही नीट वाचले, संख्याशास्त्रात कोणत्या चाचण्या शिकवल्या होत्या ते विचारले, तो विषय मान्य केला आणि दुसरा नाकारला. नाकारण्याचे कारणही योग्य होते. तीन क्रेडिट वाढून ४९ झाली.

मी कार्यालयात परतेपर्यंत एनसीएएचे प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातले मार्गदर्शन आले होते. पुढे आदेश फिरवला गेला तर जुने नियम पुन्हा लागू होतील, आणि दरम्यान खेळलेल्या खेळाडूचा तो हंगाम वापरला गेला असे मानले जाईल, असा त्याचा आशय होता. फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम वाचतो. बास्केटबॉलमध्ये तेव्हा एक मिनिट खेळले तरी हंगाम खर्ची पडत असे. म्हणजे दोन आठवड्यांच्या खेळासाठी वर्ष गमावण्याची शक्यता होती.

मुलगा आणि प्रशिक्षक एकत्रच आले. मी प्रशिक्षकांना बाहेर थांबायची विनंती केली. ते चांगले गृहस्थ आहेत, पण शनिवारचा सामना त्यांनाही जिंकायचा होता, आणि ते समोर असताना हा मुलगा मोकळेपणी बोलला नसता. मी त्याला ते मार्गदर्शन ओळीने वाचून दाखवले आणि २७ डिसेंबरला पुढची सुनावणी आहे, हेही सांगितले. त्याने आईला फोन लावला. मग माझे मत विचारले. नियम समजावणे माझे काम, निर्णय तुझा, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु ज्याच्या आयुष्यातले वर्ष पणाला लागले आहे त्याने सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर द्यावे, असे मला वाटते. मी म्हटले, "मी असते तर चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबले असते." तो थांबला.

शुक्रवारी एनसीएए आणि दावेदार राज्यांनी मिळून तोच आदेश वसंत ऋतूतील स्पर्धा संपेपर्यंत कायम ठेवण्याचा अर्ज केला, आणि न्यायालयाने तो मान्य केला. शनिवारी मुलगा बाकावरच होता. पुढच्या आठवड्यात खेळला.

एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या विभागाने नियमच बदलला: अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येते. या स्वातंत्र्याचे मी मनापासून स्वागत करते. आता घरच्या आजारपणाचे कागद कोणाला जोडावे लागत नाहीत. पण त्यामुळे ४०, ६० आणि ८० टक्क्यांची अट हीच खरी वेस झाली आहे, आणि तिच्याबद्दल मुलांना फार उशिरा कळते. पोर्टलवर नाव नसताना दुसऱ्या संस्थेचे प्रशिक्षक त्यांच्याशी बोलू शकत नाहीत, त्यामुळे आपली किती क्रेडिट तिथे धरली जातील हे त्यांना नीट समजत नाही. आणि नाव चढवले की चालू सत्र संपल्यावर सध्याची शिष्यवृत्ती बंद होऊ शकते. आधी उडी आणि मग खोली, असा हा क्रम आहे. नाव चढवण्यापूर्वी क्रेडिटचा लेखी अंदाज मिळण्याचा हक्क खेळाडूला असायला हवा, असे मी आमच्या बैठकींत वारंवार मांडते.

तोवर जे हाती आहे ते करते. अनेक विद्यापीठांचे निबंधक कोणता विषय कशाच्या बरोबरीचा धरला जातो, याचे तक्ते सर्वांसाठी खुले ठेवतात. त्या वसंतात हाच मुलगा चौथ्या विद्यापीठाचा विचार घेऊन आला, तेव्हा आम्ही दोघांनी तिथला तक्ता उघडून एकेक विषय तपासला. चौथ्या वर्षासाठी त्याला ७२ क्रेडिट हवी होती. आमच्याकडे उन्हाळ्यातला एक विषय घेतला तर ती पूर्ण होत होती. तिकडे बरीच कमी पडत होती. त्याने पोर्टलचा अर्ज भरला नाही आणि उन्हाळ्याच्या वर्गासाठी नाव नोंदवले.