ओव्हनची जाळी, पापडाची जाळी

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न ठरलेला असतो: मायक्रोवेव्हच्या दाराला एवढी भोकं, मग त्यातून लहरी बाहेर येत नाहीत का? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

नेहमीचं उत्तर असं: ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, भोक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, म्हणून ती मावत नाही. उत्तर चूक नाही, पण लहर म्हणजे जाळ्यात अडकणारा मासा नव्हे. लहर पत्र्यावर पडली की पत्र्यात प्रवाह धावतो आणि तो प्रवाहच तिला परत फेकतो. वाटेत बारीक गोल भोक आलं तर प्रवाह वळसा घालून पुढे जातो, त्याचं फारसं बिघडत नाही. भोकात जे थोडं शिरतं, ते पत्र्याच्या जाडीतच विरत जातं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश बघा. पृष्ठभाग म्हणून नुसती तारेची जाळी, कडेला तर २० मिलिमीटरच्या चौकटीची. वारा आरपार जातो, आकाशातून आलेली २१ सेंटीमीटरची लहर मात्र परत फिरते.

आता भोकाऐवजी चीर पाडा. इथे सगळं उलटतं.

लॅबमध्ये आमच्याकडे ३ सेंटीमीटर लहरींचा बेंच होता. एकीकडून लहर सोडणारा हॉर्न, म्हणजे धातूचा छोटा कर्णा, समोर ती झेलणारा दुसरा हॉर्न, त्याला मीटर. मध्ये मी घरून आणलेली पापड भाजायची जाळी धरायचो, एकाच दिशेच्या तारांची. (तिच्यामुळे घरी किती बोलणी खाल्ली ते असो.) तारा उभ्या, लहरीचं विद्युतक्षेत्र, म्हणजे धातूत प्रवाह ढकलणारा तिचा जोर, तोही उभा: मीटरचा काटा शून्याकडे. जाळी आडवी फिरवली की काटा पुन्हा वर. मुलं नेमका उलटा अंदाज करायची. उभ्या गजांतून उभी लहर जाईल, असं सगळ्यांनाच वाटतं. पण तारेच्या दिशेने प्रवाह धावू शकला तर लहर अडते, नाही धावला तर जाते. जगदीशचंद्र बोस यांनी याच कामासाठी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला होता. त्या जाडजूड पुस्तकाचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

याहून गंमत पुढे. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून ब्लेडने दीड-दीड सेंटीमीटरच्या, मिलिमीटरभर रुंद चिरांच्या रांगा कापायच्या. उघडी जागा दहा टक्केसुद्धा नाही, तरी मीटर भलतंच वर जायचं. चीर प्रवाहाला आडवी आली की तिच्या दोन्ही ओठांवर विद्युतभार साचतो, आणि चिरेची लांबी लहरीच्या निम्मी असली की ती चीर स्वतःच अँटेना होऊन पलीकडे लहर सोडते.

म्हणून ओव्हनमध्ये माझी नजर जाळीवर नसते, दाराच्या कडेवर असते. दार आणि चौकट यांच्यामधली फट म्हणजे लांबच लांब चीरच. ती निष्प्रभ करायला दाराच्या कडेत पाव लहरीच्या मापाची, म्हणजे साधारण ३ सेंटीमीटरची, खाच दडवलेली असते. दार वाकडं बसलं किंवा कडेला उतू गेलेल्या आमटीचा थर वाळला, तर त्या खाचेचं गणित बिघडू शकतं. आमच्या घरी जाळी कुणीही पुसतं. ती कड मात्र मीच पुसतो.