तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द डायरी’त ऐकायचं काय?

रॅपर स्कारफेसच्या ‘द डायरी’ या अल्बमचं नाव काढलं की ठरलेले प्रश्न येतात. खून आणि शिव्यांपलीकडे त्यात आहे काय? आणि त्याचाच नंतरचा अल्बम ‘द फिक्स’ जास्त चांगला नाही का?

दुसऱ्याचं आधी. 2002 चा ‘द फिक्स’ जास्त घोटीव आहे, कबूल. ‘द डायरी’त गाळावंसं वाटणारं बरंच सापडतं. ‘गोइंग डाऊन’ या गाण्यामध्ये बाईला माणूस म्हणून जागाच नाही; त्याचा बचाव मी करणार नाही. ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स 94’ नसतं तरी चाललं असतं. ते जुन्याचंच नवं रूप आहे; स्कारफेसच्या गीटो बॉइज या गटाच्या 1991 च्या मूळ गाण्यात त्याचा साथीदार बुशविक बिलचं शेवटचं कडवं अंगावर काटा आणतं, तो काटा इथे नाही.

पण फोनच्या स्पीकरवर ऐकून मला मत सांगू नका. बास गिटारची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. तो इवला स्पीकर तिथवर पोचतच नाही. एन. ओ. जो आणि माइक डीन या निर्मात्यांनी रचलेला सगळा जडपणा, खालचा बास आणि त्यावर रेंगाळणारा ऑर्गन, त्यात गळून जातो. उरतो आवाज आणि शिव्या, आणि तुमची तक्रारही नेमकी तीच असते. बरे हेडफोन घ्या, शफल बंद करा, सलग ऐका. सगळं मिळून पाऊण तासही लागत नाही.

क्रम मोडू नका, कारण ‘नो टीअर्स’ आणि ‘आय सीन अ मॅन डाय’ ही जोडी आहे. पहिल्यात मित्र मारला गेलाय आणि रडायला वेळ नाही, मारणाऱ्याला संपवायचंय. गाणं वेगात, रागात निघून जातं. मग काही वेळाने दुसरं येतं, संथ. सात वर्षांनी तुरुंगातून सुटलेला तरुण बापासमोर उभा आहे, सुटल्याचा आनंद आहे, पण बाहेरचं जग बदललंय. पुढे तो मरणाच्या दारात दिसतो. इथे स्कारफेस गोष्ट सांगणं सोडतो आणि थेट मरणाऱ्याशी बोलू लागतो. तुझा श्वास ऐकू येतोय, पण काळीज मंदावलंय. भीती वाटते म्हणून धरून ठेवतोयस, आता सोड. नाडी उतरते, शरीर ताठरतं, आणि ज्यांच्यावर प्रेम करायचं राहून गेलं ती माणसं समोर येतात. देवाशी काही बिनसलं असेल तर ते मिटव, असंही तो सांगतो. आवाज चढत नाही. उशाशी बसलेल्या थोरल्या भावासारखा तो बोलतो. आणि ध्रुवपद म्हणतं, माणूस मरताना पाहीपर्यंत माणूस रडताना पाहिला नव्हता. ‘नो टीअर्स’मध्ये नाकारलेले अश्रू इथे परत येतात.

ऑक्टोबर 1994 मध्ये, ह्यूस्टनमधून, गँगस्टा रॅपच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गुन्हेगारी जगाच्या रॅपच्या, अल्बमवर हे आलं आणि अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. लोकांनी ते फक्त गोळीबारासाठी घेतलं असेल हे मला पटत नाही.

हा अल्बम हिंसेचा गौरव करत नाही, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. रॅपर आइस क्यूबबरोबरचं ‘हँड ऑफ द डेड बॉडी’ पुरावा म्हणून पुढे करायचो: रस्त्यावरच्या हिंसेचं खापर रॅपवर का फोडता, असं ते विचारतं. आज तेवढं ठासून सांगवत नाही. ते गाणं आरोपाला उत्तर देतं, पण ‘द व्हाइट शीट’ या गाण्यामध्ये प्रेतावर पांढरी चादर ओढण्याची धमकी देताना त्याच्या आवाजात जो आनंद आहे, तो माझ्या कानांना स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा पहिला प्रश्न विचारणाऱ्यांचं काहीच खरं नाही असं म्हणता येत नाही. ‘आय सीन अ मॅन डाय’ संपल्यावर मागे जाऊन ‘नो टीअर्स’ पुन्हा लावा. मी लावतो तेव्हा मान त्याच ठेक्यावर हलते, आधीइतकीच.