दीड मुठीवरचा ध्रुव

काल रात्री खानापूरच्या जंगलाकडून परत आलो. चर्चच्या स्काउट पोरांबरोबर दोन दिवस, मलप्रभेच्या काठाला. अंगाला अजून धुराचा वास आहे, आणि अंघोळ करून पण जात नाही.

शनिवारी गाठी शिकवल्या. रीफ नॉटला, म्हणजे दोरीची दोन टोकं बांधायच्या गाठीला, उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. दोन्हीवेळा एकच बाजू घेतली की गाठ सुटते, हे मी पोरांना दहादा सांगितलं. रात्री अडीचला ताडपत्री आमच्याच डोक्यावर आली. गाठ कोणाची? माझी! सकाळपर्यंत पोरं मला 'सर' म्हणायची बंद झालेली.

चूल पेटवायला प्रत्येक गटाला तीनच काड्या दिलेल्या. दवानं लाकडं ओली. "दादा, पेटंना की हो!" एका पोरीनं गपचूप नारळाची शेंडी पिंजून घेतली, वर काटक्या उभ्या रचल्या आणि दुसऱ्या काडीत जाळ केला. आजीनं शिकवलंय म्हणाली. १९०७ साली इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलनं पहिला कॅम्प घेतला, तेव्हा असली आजी असती तर त्याचंही काम सोपं झालं असतं.

रात्री ध्रुव दाखवला. सप्तर्षी नव्हते, म्हणून शर्मिष्ठा तारकासमूहावरून शोधला. आपल्याकडं तो क्षितिजापासून सोळाएक अंशांवर, म्हणजे हात ताणून धरलेली दीड मूठ. पोरं बराच वेळ मुठी धरून उभी होती.

रविवारी सकाळी नदीकाठीच प्रार्थना. थोडी मराठीत, थोडी कोकणीत. मधेच चुलीवरचा भात करपला.