डबा संपला का?

एक वाजायला पाच मिनिटं असताना माझा फोन थरथरायला लागतो. सात मुलं म्हणजे सात आया. त्यातल्या चौघी तरी जेवणाच्या सुट्टीत मेसेज टाकतातच, आणि शब्दही सगळ्यांचे तेच. ‘काकू, डबा संपला का?’ मूल जेवलं का, पोट भरलं का, असं सहसा कुणी विचारत नाही. डबा संपला का.

डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये मी सतरा वर्षं पाळणाघर चालवतेय. सकाळी साडेसातच्या सुमारास आईबाप पोरं माझ्या दारात उतरवतात आणि स्टेशनकडे धावत सुटतात. संध्याकाळी पुन्हा साडेसात, कधी आठ. मधल्या बारा तासांत आपल्या मुलाचं काय झालं याचा त्यांच्या हातात पडणारा पुरावा एकच, तो स्टीलचा डबा. हलका लागला की बाई सैल पडते. जड लागला की चपलाही न काढता दारातच चौकशी सुरू.

म्हणून पहिली चार-पाच वर्षं मी डबे रिकामे करूनच पाठवायचे.

लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. पोराने चार घास खाऊन तोंड फिरवलं की उरलेलं मी दुसऱ्याला भरवून बघायचे. त्यानेही नको म्हटलं की ते आमच्या ह्यांच्या ताटात. ह्यांची तेव्हा सेकंड शिफ्ट होती, दुपारचे घरी असायचे. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, सगळं निमूट खाल्लं बिचाऱ्यांनी. एकदाच म्हणाले, ‘अगं, मला अजून दात आहेत.’ मग डबा घासून, पुसून पिशवीत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, फोन यायचा. मी सांगायचे, ‘हो गं, सगळं संपलं. तू जेव निवांत.’ तिकडून सुस्कारा ऐकू यायचा. मला वाटायचं, पुण्यच करतेय मी.

मग तो दीड वर्षाचा मुलगा आला. गोरापान म्हणून सगळे कौतुक करायचे. तो गोरा नव्हता, फिक्का होता, हे माझ्याही लक्षात आलं नाही. लसीला नेला तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन आठच्या जरा वर. त्यांनी आईला विचारलं, काय खातो? ती म्हणाली, रात्री फारसं नाही, दूध पितो बाटलीने, पण दुपारचं जेवण एकदम छान. पालकाची खिचडी, डाळ, उसळीचं पाणी नाही तर अख्खी उसळच चेचून, डबा रोज चाटूनपुसून रिकामा. डॉक्टर बुचकळ्यात पडले. इतकं खाऊन रक्त का नाही? म्हणून आणखी तपासण्या, पुन्हा सुई.

ती दुसरी सुई माझ्यामुळे टोचली त्याला.

खरं काय होतं? घरी दिवसाला तीन-चार बाटल्या दूध. माझ्याकडे आला की पोट आधीच तुडुंब, दोन घासांत तोंड बंद. दुधात लोह जवळजवळ नसतंच. अर्ध्या लिटरच्या वर दूध जायला लागलं की जेवणाला पोटात जागाच उरत नाही. हे मला नंतर त्याच डॉक्टरांनी समजावलं. आधी कळलं असतं तर मी डबा रिकामा केला नसता का? केला असता बहुतेक. पालक नाराज होतील ही धास्ती रक्तापेक्षा जवळची होती.

दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावून मी सगळं सांगून टाकलं. ती एक अक्षर बोलली नाही. मुलाला कडेवर घेतलं आणि गेली. आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी सकाळी आली, डबा नेहमीसारखा पिशवीत न ठेवता माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘काकू, उरलं तर उरलेलंच पाठवा.’

तेव्हापासून तोच नियम.

आता कुणी म्हणेल, उरलंच कशाला पाहिजे, भरवलं की झालं. भरवायचे की मीही! डाव्या हाताने गाल दाबायचा, उजव्या हाताने घास आत. पोर रडतंय, रडण्यासाठी तोंड उघडतंय, त्याच फटीतून चमचा. आमच्या सगळ्या पिढीला असंच वाढवलंय, त्यात काही वेगळं वाटायचं नाही. डॉक्टरांनी मला एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं सांगितलं. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसवायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती खायचं ते मुलाने. माझ्या सासूबाई हयात असत्या आणि त्यांना हे ऐकवलं असतं तर त्यांनी आधी माझ्या डोक्याला हात लावून ताप बघितला असता.

पण मला पटलं ते हिशेबामुळे. मूल जन्मताना साधारण तीन किलोचं असतं, वर्षाला नऊच्या आसपास जातं. म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. पहिलं वर्ष फास्ट लोकल, दुसरं वर्ष स्लो, सगळी स्टेशनं घेत. मग भूक कमी होणारच. आणि नेमकी याच वयात पोरं माझ्याकडे येतात, त्यामुळे आयांना वाटतं पाळणाघरात घातल्यापासून खाणं सुटलं.

आमची पंगत पावणेबाराला बसते. दहानंतर बिस्किट बंद. पिशवीच्या आतल्या कप्प्यात आई गुपचूप बिस्किटचा पुडा सरकवते. तो मी काढून फ्रिजवर ठेवते आणि संध्याकाळी परत करते. साडेअकराला मोरीत हात धुणं. मोठ्यांचे आधी, सगळ्यात धाकटीचे शेवटी, कारण धुतल्या क्षणी ती दोन्ही हात जमिनीला लावते. हॉलमध्ये सतरंजीवर जुनं मेणकापड, त्यावर गोल करून सात जण, मधे मी आणि मदतीला येणाऱ्या ताई. रांगेत बसवून बघितलं होतं. रांगेत बसलं की शेजारच्याचं दिसत नाही, आणि या वयात जेवण शेजाऱ्याच्या वाटीत बघूनच होतं.

खरी नावं लिहीत नाही, आमची आतली नावं सांगते. सरपंच अडीच वर्षांचा आहे. स्वतः खायच्या आधी सगळ्यांच्या वाट्यांची पाहणी करतो. बडबडी तोंडात घास असताना बोलते आणि बोलताना भात उडवते. मास्तर नुसता बघत बसतो आणि सगळे उठल्यावर सुरुवात करतो. सगळ्यात धाकटी चौदा महिन्यांची, चिमणी. तिला ‘काकू’ म्हणता येत नाही, ती मला ‘काऊ’ म्हणते. परवा मी सवयीने म्हटलं, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. तिने चिऊचा स्वतः खाल्ला. काऊच्या घासाला माझं मनगट धरलं आणि घास माझ्याच तोंडाकडे ढकलला. काऊचा ना, मग काऊनेच खायचा.

आधी वाटीत भाजी पडते, नुसती. उकडलेल्या गाजराची फोड, बीट, भेंडीचे दोन तुकडे. भूक सणसणीत असते तेव्हाच ती जाते. वरणभात आधी वाढला की भाजीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग मऊ भात, वर घट्ट वरण, तूप, लिंबाचे दोन थेंब. भात मी घरूनच सगळ्यांना एक करते. सात डब्यांत सात तऱ्हा निघाल्या की प्रत्येकाला दुसऱ्याचीच हवी असते, आणि एकाच्या डब्यात मॅगी निघाली तर त्या दिवशीची पंगत मोडलीच म्हणून समजा. डबे येतात ते भाजी, पोळी, धिरडं असल्या जोडीला. नवीन भाजी पहिल्या दिवशी कुणी खात नाही. दहा-बारा वेळा वाटीत दिसली, चिवडली, फेकली की मग एक दिवस सहज तोंडात जाते. दुधी भोपळ्याला आम्हाला पावसाळ्याचे दोन महिने लागले.

वीस-पंचवीस मिनिटांनी वाट्या उचलायच्या. खाल्लं असो, नसो. मागे धावायचं नाही. मोबाइल नाही, टीव्ही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते, ते मी दाराला छापून लावलंय, म्हणजे मला वाद घालावा लागत नाही. मोबाइलवर जेवायची सवय झालेलं मूल नवीन आलं की पहिला आठवडा उपोषण असतं. समोर काही हललं नाही तर तोंड उघडायचं असतं हेच त्याला माहीत नसतं. तो आठवडा त्याच्या आईला फार जड जातो, मलाही.

एका गोष्टीत मात्र मुलाचं काही चालत नाही, तिथे मी हुकूमशहा. पोह्यातले शेंगदाणे मी वेचून काढते. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. उपवासाची खिचडी आली तर दाण्याचं कूट चालेल, अख्खा दाणा नाही. फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी सुपारीएवढी कुठलीही वस्तू पाच वर्षांपर्यंत नको.

याचंही कारण आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत पाळणाघरात सगळ्यांचं एकत्र बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने, काळे कपडे, फोटो. आणि लहान मुलाच्या डोक्यावरून आपण काय ओततो? बोरं, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे. एक हरभरा एकीच्या तोंडात गेला. खोकली असती, ओकारी काढली असती तर मी घाबरले नसते. घशात घास पुढे गेला की पोरं आवाज करतात, लाल होतात आणि स्वतःच बाहेर काढतात. ही गप्प झाली. हात पुढे, डोळे मोठे, आवाज नाही. तिला मांडीवर पालथी घालून, डोकं खाली करून, दोन खांद्यांच्या मधे तळहाताने थापट्या मारल्या. चौथ्या थापटीला हरभरा माझ्या पायावर पडला. फोटो काढणारी आई अजून फोटोच काढत होती, इतका कमी वेळ गेला. त्यानंतर मी आणि ताई दोघींनी रीतसर प्रथमोपचार शिकून घेतले, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला करायचं वेगळं आणि मोठ्याला वेगळं, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. बोरन्हाण अजून करतो. फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या.

साडेबाराला जमिनीवर भात, भिंतीवर वरण, माझ्या केसांत काहीतरी. मेणकापड बाहेर झटकलं की साळुंक्या जमतात, त्या वाटच बघत असतात. पोरं पेंगत गाद्यांवर. मग मी चष्मा लावून मेसेज लिहायला बसते. ‘डबा संपला’ असं लिहीत नाही. काय गेलं ते लिहिते. ‘तीन चमचे भात, बीट चोखून टाकलं, ताक पाऊण कप, झोप छान.’ नव्या पालकांना हे वाचून धक्का बसतो. तीन चमचे? फक्त? महिनाभराने त्या स्वतःच म्हणतात, काल दुपारी कमी होतं ना, म्हणून रात्री दीड पोळी खाल्ली.

मंगळवारी सरपंचाच्या आईला लिहिलं : ‘आपली पोळी नाही. वरणभात अर्धी वाटी. बडबडीच्या वाटीतली सगळी भेंडी.’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘भेंडी??? काकू, हा घरी भेंडी बघून पळतो.’

बुधवारी सकाळी डबा उघडला तर अख्खा भेंडीने भरलेला. दोन वेळा वाढली. त्याने वाटी शांतपणे बडबडीकडे सरकवली आणि तिच्या डब्यातलं गाजर उचललं.

तसंच लिहिलं मी मेसेजमध्ये.