चाळणी, कात्री आणि न उगवलेले अकरा दिवस : कादंबरीची चौथी नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी मी सोळाव्या प्रकरणात अडकले होते. आता बाविसावं संपलंय. नवा खर्डा ७८ हजार शब्दांवर आला आहे, आणि मधली दोन प्रकरणं मी काढून टाकली आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण या महिन्यातलं खरं काम तिथेच झालं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. काळ १७५२, गाव लंडन. हॅना आणि टोबायस हे नवरा-बायको. चोरीला गेलेली चांदी, पळालेला नोकर, हरवलेली कागदपत्रं शोधून द्यायची, हा त्यांचा धंदा. दोघांना मिळून एकच विद्या येते, चाळणी फिरवायची. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडात हा तोडगा कैक पिढ्या चालत होता. लोकर कातरायच्या कात्रीची टोकं चाळणीच्या लाकडी कडेत रुतवायची, दोघांनी कात्रीच्या मुठी एकेका बोटावर तोलून धरायच्या आणि संशयितांची नावं एकेक करून घ्यायची. चोराचं नाव आलं की चाळणी फिरते. किल्ली आणि बायबल घेऊनही हेच करत. असं करणाऱ्यांसाठी मी 'जाणता' आणि 'जाणती' हे शब्द घेतले. तिकडच्या शब्दाच्या मुळाशीही जाणणं हाच अर्थ आहे, त्यामुळे दुसरा शब्द शोधावाच लागला नाही. 'चेटूक' मात्र मुद्दाम राखून ठेवलंय. ते फक्त त्यांच्या शत्रूंच्या तोंडी येतं.

या तोडग्यातली एक गोष्ट वाचली तेव्हाच मला माझी कादंबरी सापडली होती : याला दोन माणसं लागतात. एकट्याच्या बोटावर चाळणी तोलत नाही. म्हणून विद्येचे नियमही तिथूनच काढले. नाव मोठ्याने घ्यावं लागतं, मनात धरून चालत नाही. एक नाव एकदाच घेता येतं. आणि त्या दिवशी दोघांपैकी कुणीही दुसऱ्याशी खोटं बोललेलं असता कामा नये.

आता काढलेल्या प्रकरणांबद्दल. त्यात टोबायस मृताच्या बाहीला हात लावतो आणि खुनी त्याला पाठमोरा दिसतो. लिहिताना फार आवडलं होतं. दोन चाचणी-वाचकांनी मात्र तिथेच पुस्तक खाली ठेवलं आणि मला विचारलं, 'मग आम्ही कशाला डोकं चालवायचं?' प्रश्न अगदी बरोबर होता. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले, त्यातला दुसरा म्हणजे अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. तो नियम मी पाळू शकत नाही, पण त्यामागची काळजी मला मान्य आहे. ज्या हत्याराला काय येतं आणि काय येत नाही हे वाचकाला ठाऊक नसतं, त्या हत्याराने रहस्य सोडवणं ही फसवणूक आहे.

म्हणून आता सतराव्या प्रकरणात चाळणी फिरतच नाही. खुनानंतरची पहिलीच रात्र, यादीत नऊ नावं, नऊही घेऊन होतात आणि चाळणी जागची हलत नाही. नियम तिसऱ्याच प्रकरणात सांगून झालेत, त्यामुळे याचे दोन अर्थ होतात हे वाचकाला तिथेच कळतं. एक तर खुनी यादीत नाही, नाहीतर आज या दोघांपैकी कुणीतरी खोटं बोललंय. दोघंही पहिला अर्थ मोठ्याने बोलतात आणि दुसरा मनात ठेवतात. आतापर्यंत लिहिलेल्या पानांत हे पान मला सगळ्यात जवळचं आहे. जादूने काही सांगितलं नाही, आणि तरी नवऱ्या-बायकोंमध्ये एक संशय ठेवून गेली.

कायद्याचा धागाही या महिन्यात घट्ट झाला. १६०४ च्या जुन्या कायद्यात चेटकासाठी फाशी होती. १७३५ च्या कायद्याने तो रद्द केला आणि गुन्हा उलटा करून ठेवला : चेटूक करणं हा गुन्हा नाही, चेटूक येतं असा बहाणा करणं हा गुन्हा. शिक्षा वर्षभराची कैद, शिवाय दर तिमाहीला एकदा बाजाराच्या दिवशी तासभर खोड्यात उभं राहायचं. चोरीचा माल मंत्राने शोधून देतो असं म्हणणंही त्यातच येतं. म्हणजे माझ्या जोडप्याचा धंदाच गुन्हा आहे, आणि 'पण आम्हाला खरंच येतं' हा बचाव कोर्टात उभाच राहू शकत नाही. दुसऱ्या बाजूला गर्दीचं मन कायद्याबरोबर बदललेलं नव्हतं. १७५१ च्या एप्रिलात ट्रिंग या इंग्लिश गावाजवळ रूथ ऑस्बोर्न आणि तिचा नवरा जॉन या म्हाताऱ्या जोडप्याला चेटूक करतात म्हणून जमावाने पाण्यात बुडवलं. रूथ मेली. त्यासाठी जमावातल्या थॉमस कॉली याला ऑगस्टात फाशी झाली. हॅना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेते, कारण तिला अक्षरओळख नाही. ऐकून झाल्यावर ती फक्त एवढंच विचारते, की त्या दोघांच्या लग्नाला किती वर्षं झाली होती. हा प्रसंग मी तीनदा लिहिला. तिसऱ्यांदा तिचं रडणं काढलं, तेव्हा तो जमला.

आता मूळ गाठ. खुनाचा आळ टोबायसवर येतो. त्या रात्री तो घरीच होता आणि हे फक्त हॅनाला माहीत आहे. पण त्या काळच्या इंग्लिश कायद्यात बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूनेही चालत नव्हती आणि विरुद्धही नाही. फौजदारी खटल्यात आरोपीच्या जोडीदाराला बचावासाठी साक्ष द्यायची सरसकट मुभा मिळाली ती थेट १८९८ मध्ये. एकमेव साक्षीदार आहे, आणि ती बायको आहे म्हणून मुकी.

यावर मी एक वाट ठेवली आहे. दोघांचं लग्न लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात लागलेलं. तिथे दारूच्या गुत्त्यांत, दारावर हातात हात गुंफलेल्या जोडप्याची पाटी लावून, पैसे घेऊन झटपट लग्नं लावली जात. हार्डविक यांचा विवाह कायदा मार्च १७५४ पासून लागू झाला आणि हा प्रकार थांबला. त्याआधीची ही लग्नं कायद्याने ग्राह्य होती, पण त्यांच्या नोंदींच्या वह्यांवर भरवसा कुणाचा? मागच्या तारखा घातलेल्या, खोटी नावं लिहिलेली. टोबायस तेव्हा उमेदवारीच्या, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकण्याच्या, करारात बांधलेला होता आणि अशा करारात लग्नाला मनाई असे. म्हणून त्याने वहीत दुसरंच नाव सांगितलं. हॅनाने कधी वही वाचली नाही, तिने फुली मारली. सतराव्या प्रकरणाच्या सकाळी ती सहज विचारते, 'वहीत आपलं काय लिहिलंय?' आणि तो खोटं सांगतो. चाळणी का फिरली नाही, ते इथे कळतं.

मग न्यूगेट तुरुंगाच्या कोठडीत तोच तिला सांगतो : कोर्टात जा आणि म्हण, मी याची बायको नाही. वही तुझ्या बाजूने आहे. साक्ष देता येईल, मी सुटेन.

पहिल्या खर्ड्यात ती तसं करायची. तो सुटायचा, आणि चाळणी पुढे कधीच फिरायची नाही. शोकांत, सुबक. आठवडाभर मी त्या शेवटाच्या प्रेमात होते. पण पुन्हा वाचताना दिसलं, की तिथे हॅनाचा त्याग होतो आणि रहस्य तसंच राहतं. शोध लावणारी बाई शोध न लावताच जिंकते. नव्या खर्ड्यात ती नकार देते. विद्या जाईल म्हणून नाही. सात वर्षं जे खोटं त्याने एकट्याने सांभाळलं, ते आता तिने शपथेवर बोलावं असं तो मागतोय, याचा तिला राग आलाय म्हणून. शुक्रवारी तो दोषी ठरतो.

शुक्रवार मुद्दाम. १७५२ सालीच खुनाच्या गुन्ह्याचा नवा कायदा लागू झाला होता : शिक्षा सुनावल्यावर एक दिवस सोडून फाशी, तो दिवस रविवारचा आला तर सोमवारी, आणि नंतर प्रेत दफन न करता शरीरविच्छेदनासाठी द्यायचं किंवा साखळ्यांत लटकवायचं. म्हणून न्यायाधीश पुष्कळदा शुक्रवार धरत, म्हणजे कैद्याला एक दिवस जास्त मिळे. सबळ कारण दिसलं तर फाशी थांबवायचा अधिकारही न्यायाधीशाला होता. तेव्हा हॅनाकडे शनिवार आणि रविवार आहेत, आणि शेवटची सहा प्रकरणं त्या दोन दिवसांत घडतात. हे कालमान मी रचलेलं नाही, कायद्याने मला आयतं दिलं.

आणि आता तारखांचा दुवा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदललं. बुधवार २ सप्टेंबरला लोक झोपले आणि उठले ते गुरुवार १४ सप्टेंबरला. मधले अकरा दिवस उगवलेच नाहीत. माझा खून त्याच रात्री होतो. टोबायसजवळ मृताच्या भागीदाराचं एक अर्धवट फाटलेलं पत्र सापडतं, त्यावर तारीख ७ सप्टेंबर. त्यात भागीदार लिहितो, 'या पत्रामागोमाग मी लंडनला निघतोय.' फिर्यादी म्हणतात, हे पत्र बनावट आहे, असा दिवस झालाच नाही. ज्युरीला पटतं.

दिवस झाला होता, पण फ्रान्समध्ये. तिथे नवं पंचांग आधीपासूनच होतं. कॅले या फ्रेंच बंदरातला ७ सप्टेंबर म्हणजे लंडनमधला २७ ऑगस्ट. म्हणजे खुनाच्या रात्री भागीदार लंडनमध्ये होता, आणि आपण महिन्याच्या अखेरीस पोचलो असं तो शपथेवर सांगतोय.

एका वाचकमित्राने इथे बरोबर बोट ठेवलं : परदेशाशी व्यापार करणाऱ्यांना हे रोजचंच होतं, ते पत्रावर दोन्ही तारखा घालत, मग कुणाच्या लक्षात कसं येत नाही? दोन दिवस मी अस्वस्थ होते. शेवटी तोच आक्षेप कथेत घेतला. पत्राचा वरचा भाग, म्हणजे गावाचं नाव, फाटून गेलाय. ज्युरीत दुकानदार आणि कारागीर आहेत, समुद्रापलीकडे पत्र पाठवणारा एकही नाही. आणि हॅना उरलेला तुकडा शोधते, तो वाचता येत नाही म्हणून एका वृद्ध व्यापाऱ्याकडे नेते. तो एका वाक्यात उलगडा करतो. तेव्हा लिफाफा नसे, कागदाचीच घडी घालून बाहेरून पत्ता लिहीत. त्यामुळे त्या तुकड्यावर टपालाचा शिक्काही आहे. १६६१ पासून लंडनच्या टपाल कचेरीत पत्रावर महिना आणि दिवस दाखवणारा छोटा गोल शिक्का मारत. तो आहे ३१ ऑगस्टचा. लिहिलं ७ सप्टेंबरला, पोचलं ३१ ऑगस्टला. जादूच्या कादंबरीतली सगळ्यात जादूची वाटणारी गोष्ट म्हणजे एक टपालशिक्का, याचा मला मनापासून आनंद आहे.

बारीक दुरुस्त्या भरपूर झाल्या. रस्त्यावरचे गॅसचे दिवे काढले, ते १८०७ चे. आता तेलाचे दिवे आणि मशाली घेतलेली पोरं आहेत. हॅना काडी ओढायची, तिच्या हातात चकमक दिली. 'पोलीस' हा शब्द सगळीकडून गेला, लंडनचं पोलीस दल १८२९ चं. त्याऐवजी गस्तवाले आहेत, आणि बो स्ट्रीटवरच्या कचेरीत दंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांनी १७४९ च्या सुमारास उभी केलेली माणसं. पैशासाठी चोर धरून देणाऱ्यांना मी 'चोरपकडे' म्हणते.

एकाच गोष्टीवर अजून माझं ठरत नाहीये आणि तिथे तुमचं मत हवंय. त्या काळातली इंग्लिश जोडपी चारचौघांत एकमेकांना आडनावाने, मानाने हाक मारत. मराठीत तिने 'अहो' म्हटलं की लंडन क्षणात नाहीसं होतं, आणि सतत 'तू' म्हटलं तर अठरावं शतक जातं. सध्या असं केलंय : लोकांसमोर दोघंही 'तुम्ही', घरात दोघंही 'तू', आणि चाळणी बोटावर असेपर्यंत फक्त 'तू', मग समोर कुणीही असो. कोठडीतला प्रसंग पहारेकऱ्यासमोर घडतो, म्हणून टोबायस 'तुम्ही'ने सुरुवात करतो. 'मी याची बायको नाही असं म्हण' या वाक्यावर तो 'तू'वर येतो. हॅना उत्तर देते ते 'तुम्ही' म्हणूनच. तेविसावं प्रकरण शुक्रवारच्या निकालानंतर उचलायचंय, ती तुरुंगाच्या दारातून बाहेर पडते आणि शनिवारची पहाट होतेय.