तुम्ही विचारलंत म्हणून: लिंकन गुलामांसाठी लढला का?

व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी माणसाकडे देशातून पाहुणे आले की वॉशिंग्टन दाखवणं ओघानंच येतं. लिंकनच्या त्या भल्यामोठ्या संगमरवरी पुतळ्यापुढे फोटो काढून झाले, की परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी विचारतंच: "लिंकन खरंच गुलामांसाठी लढला का हो? आम्ही तर ऐकलंय की ते भांडण करांचं होतं, राज्यांच्या हक्कांचं होतं. गुलामगिरी नुसती नावाला." कुणी ते व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं असतं, कुणी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं. इथे वाढलेली आमची मुलंही कधीतरी शाळेतून हाच प्रश्न घेऊन येतात. गाडी चालवताना त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. लिंकन अध्यक्ष असताना, १८६१ ते १८६५, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध गुलामगिरीमुळेच झालं. लिंकन मात्र गुलाम सोडवायला म्हणून युद्धात उतरला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी कळली की लोक पहिली खोटी धरून चालतात, तिथेच सगळा घोळ होतो. दक्षिणेतली राज्यं का फुटली, उत्तर का लढली आणि लिंकन माणूस म्हणून कसा होता, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

दक्षिण का फुटली हे सांगायला इतिहासकारांची गरजसुद्धा नाही. फुटणाऱ्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. साउथ कॅरोलिनानं २० डिसेंबरला संघराज्य सोडलं. लिंकननं अजून शपथही घेतलेली नव्हती. ती मार्चमध्ये व्हायची होती. चार दिवसांनी त्या राज्यानं आपली कारणं सांगणारा जाहीरनामा काढला. तो काही पानांचा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो, आणि ज्यांना या वादात बोलायचंय त्यांनी तो वाचावाच. त्यात मुख्य तक्रार काय? की उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत. पळालेल्यांना धरून मालकाच्या ताब्यात द्यायचा कायदा देशाच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, केलेला होता, आणि उत्तरेतली काही राज्यं आपापले कायदे करून तो धाब्यावर बसवत होती. म्हणजे राज्यांचा हक्क इथे उत्तर वापरत होती, आणि दक्षिणेचा राग नेमका त्यावरच होता. हे एवढं एक कलम पाहिलं तरी "राज्यांच्या हक्कांसाठी" हे म्हणणं टिकत नाही.

मिसिसिपीनं तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. मार्च १८६१ मध्ये फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हानामध्ये बोलला, की आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड हाच आहे, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. त्यांच्या नव्या घटनेत तर गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा करायलाच मनाई होती.

आणि यामागे पैसा होता, हे विसरून चालणार नाही. १८६० च्या जनगणनेत देशात चाळीस लाखांच्या आसपास गुलाम होते. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती. त्या माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या भांडवलाहून जास्त भरायची. कापूस पिकवायचे ते, वेचायचे ते. (हाच कापूस युद्धात अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि भाव कडाडून मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो फुगा फुटला आणि पेढ्या बुडाल्या. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद त्याच तेजीतले.) लिंकनच्या पक्षाचं म्हणणं एवढंच होतं, की पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही. मळेवाल्यांना त्यात पुढे गुलामगिरीचाच शेवट दिसला.

करांचं म्हणाल, तर १८५७ च्या कायद्यानं आयातकर कित्येक दशकांत नव्हते इतके खाली आले होते. ते वाढवणारा कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यावर. त्यांचे सिनेटर जागा सोडून गेले म्हणून तर तो मंजूर होऊ शकला, आणि त्यावर सही लिंकनची नव्हे, आधीचा अध्यक्ष ब्युकॅनन याची आहे.

मग हे करांचं, हक्कांचं आलं कुठून? युद्ध हरल्यानंतर. याच स्टीफन्सनं पुढे जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं की वाद राज्यकारभाराच्या दोन पद्धतींचा होता. त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानंही तेच केलं. मग १८९४ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या संस्थेनं गावोगाव पुतळे उभारले आणि शाळेच्या पुस्तकांत काय छापलं जातंय यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आमच्या रिचमंडमध्ये मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा घोड्यावरचा पुतळा १८९० मध्ये बसवला, तो २०२१ पर्यंत होता. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्याच्या सावलीतून शाळेत गेली आणि तीच गोष्ट शिकली. इथल्या माझ्या काही वयस्क शेजाऱ्यांना ती गोष्ट मनापासून खरी वाटते, कारण त्यांना ती आजीनं सांगितलेली असते. त्यांच्याशी बोलताना मी आवाज चढवत नाही. पण मान्यही करत नाही.

आता लिंकन. त्याला गुलामगिरीची चीड होती यात शंका नाही, पण जिथे ती आहे तिथे हात घालायचा अधिकार घटनेनं आपल्याला दिलेला नाही असंही तो मानायचा, आणि पहिल्या शपथविधीच्या भाषणात त्यानं ते स्पष्ट सांगितलं. १२ एप्रिल १८६१ ला साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट समटर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेनं तोफा डागल्या तेव्हा तो लढायला उभा राहिला तो संघराज्य टिकवायला. गुलामगिरी चालू असलेली चार राज्यं त्याच्याच बाजूला होती, आणि ती हातची गेली तर युद्धच गेलं, हे तो जाणून होता. १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये सिनेटच्या प्रचारात काळ्या-गोऱ्यांची सामाजिक, राजकीय बरोबरी मला नको आहे, असं तो भर सभेत म्हणाला होता. ऑगस्ट १८६२ मध्ये काळ्या लोकांच्या शिष्टमंडळाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यानं सुचवलं, की तुम्ही देश सोडून दुसरीकडे वसाहत करा. तुमच्यामुळेच हे युद्ध, असा त्या बोलण्याचा सूर होता. ते मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा वाईट वाटतं. त्यावर पांघरूण घालायची मला गरज वाटत नाही.

त्याच महिन्यात त्यानं संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेलं पत्र सगळ्यांत जास्त फिरवलं जातं: एकही गुलाम न सोडवता संघराज्य वाचलं तर मी तसं करीन. फिरवणारे दोन गोष्टी सांगत नाहीत. पत्राच्या शेवटी तो म्हणतो की सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा कायम आहे. आणि हे लिहिताना फुटीर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होता; महिनाभर आधी, २२ जुलैला, त्यानं तो मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. लोकांचं मन तयार करायचं काम ते पत्र करत होतं.

पण त्याला या वळणावर आणलं कुणी? हे सांगायला मी पाहुण्यांना जमलं तर हॅम्पटनला फोर्ट मनरो दाखवायला नेते. पाण्याचा खंदक, जाड दगडी भिंती, पलीकडे चेसापीकची खाडी. व्हर्जिनिया फुटूनही हा किल्ला उत्तरेच्या सैन्याकडे राहिला होता. मे १८६१ मध्ये एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीनं खाडी ओलांडून इथे आले. त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन किल्ल्याशी हजर: कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत द्या. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्हीच म्हणता व्हर्जिनिया आता परदेश आहे, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू? शत्रू ज्यांना युद्धाच्या कामाला लावतोय ती मालमत्ता मी जप्त करतो.

बटलर काही गुलामगिरीविरोधी चळवळीतला नव्हता, आणि माणसांना मालमत्ता म्हणूनच त्यानं ठेवून घेतलं. पण बातमी पसरली. काही आठवड्यांत शेकडो लोक बायकामुलांसह त्या किल्ल्याकडे चालत आले. पुढे जिथे जिथे उत्तरेचं सैन्य गेलं तिथे तिथे हेच झालं. या लोकांचं काय करायचं, याचं उत्तर वॉशिंग्टनला देणं भाग पडलं. आधी काँग्रेसनं जप्तीचे कायदे केले, मग १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा आला. त्या तिघांपैकी कुणाचाही पुतळा मी वॉशिंग्टनच्या मॉलवर, म्हणजे स्मारकांच्या त्या मोठ्या मैदानावर, पाहिलेला नाही. मुक्तीचा इतिहास मात्र मला त्यांच्यापासून सुरू करावासा वाटतो.

जाहीरनाम्यानं एकही गुलाम सुटला नाही, असंही ऐकते. सीमेवरच्या निष्ठावान राज्यांना तो लागू नव्हता हे खरं. पण साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची बेटं उत्तरेच्या ताब्यात होती, तिथे त्याच दिवशी झाडांखाली जमलेल्या हजारो लोकांपुढे तो वाचला गेला आणि ते मुक्त झाले. शिवाय त्यामुळे काळ्या पुरुषांना सैन्याची दारं उघडली. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले.

माझ्या मते लिंकनची खरी कसोटी १८६४ च्या ऑगस्टात लागली. युद्ध रखडलेलं, प्रेतांचे आकडे रोज छापून येतायत, निवडणूक तोंडावर. मुक्तीची अट सोडा, तह होईल, असं त्याच्याच पक्षातले लोक सांगत होते. आपण हरणार असं त्याला स्वतःलाही वाटत होतं. तसं त्यानं २३ ऑगस्टला कागदावर लिहून मंत्र्यांच्या त्यावर न वाचता सह्या घेतल्या. आणि त्याच दिवसांत भेटीला आलेल्यांना तो म्हणाला, की लढलेल्या काळ्या सैनिकांना परत मालकांच्या हवाली केलं तर मला इहलोकी-परलोकी क्षमा नाही. अट त्यानं सोडली नाही. १८५८ च्या सभेतला माणूस इथवर आला होता. पुढे ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात त्यानं काही काळ्या पुरुषांना मताधिकार द्यावा असं जाहीरपणे म्हटलं. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्यानं लिंकनला गोळी घातली.

आणीबाणी पाहिलेले पाहुणे हमखास विचारतात: युद्धाच्या नावाखाली त्यानं हुकूमशाही नाही केली? हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित केलं, हजारोंना खटल्याविना डांबलं, काही वर्तमानपत्रं बंद पाडली. बंडाच्या काळात ते स्थगित करता येतं असं घटनेतच आहे, पण तो अधिकार अध्यक्षाचा की काँग्रेसचा, यावर सरन्यायाधीश टॅनीनं त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि लिंकननं तो मानला नाही. मला यातलं बरंचसं समर्थनीय वाटत नाही. त्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की यादवी पेटलेली असताना त्यानं १८६४ ची निवडणूक ठरल्या वेळी घेतली. आणि मिनेसोटातल्या डकोटा या मूळनिवासी लोकांचं तर कुणी विचारतही नाही. त्यांच्या उठावानंतर ३०३ जणांना घाईघाईच्या खटल्यांत फाशी सुनावली होती. लिंकननं कागद स्वतः तपासून बहुतेकांची फाशी रद्द केली. तरीही २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटोमध्ये ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवलं. मुक्तीचा जाहीरनामा यायला सहा दिवस होते.

या माणसाला तोलायला मला फ्रेडरिक डग्लसचा काटा सगळ्यांत भरवशाचा वाटतो. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेला, लिंकनवर जाहीर टीका केलेला, त्याला व्हाइट हाउसमध्ये भेटलेला. १८७६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणाला अध्यक्ष ग्रँटसमोर तो म्हणाला, की लिंकन प्रामुख्यानं गोऱ्यांचा अध्यक्ष होता. तुम्ही त्याची मुलं, आम्ही फार तर सावत्र. गुलामगिरीविरोधकांच्या नजरेनं पाहिलं तर तो मंद आणि थंड वाटतो. पण ज्या देशाला बरोबर घेऊन त्याला जायचं होतं, त्या देशाच्या मानानं तो वेगवान आणि निश्चयी होता.

आपल्याकडे लिंकन म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचं ते मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र आठवतं. ते त्यानं लिहिल्याचा काहीही पुरावा नाही. त्यापेक्षा जोतीराव फुल्यांची अर्पणपत्रिका काढून वाचा. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती तेव्हा, १८७३ मध्ये, त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती लिंकनला नव्हे, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि तिथेच लिहिलं, की माझ्या देशबांधवांनी आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा.