स्टॅम्प पेपरवरची फारकत

आत्याच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरमधे, पन्नीत गुंडाळलेला एक शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर होता. पाच वर्षं आम्ही सगळे त्याला ताईचा घटस्फोट समजत होतो.

झालं असं की 2019 मधे ताईचं (माझी आतेबहीण, पण सख्खीच समजा) सासरी काही जमेना. मग नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी बैठक बसली, तिकडचे पाच इकडचे सात, पोहे झाले, चहा झाला, थोडी रडारड झाली आणि दुपारी भाटवे (म्हणजे ताईचा नवरा) आणि मामाजी (आत्याचे यजमान) जाऊन नोटरीकडून कागद टाइप करून घेऊन आले. खाली लाल गोल शिक्का. "आजपासून आम्ही पती-पत्नी या नात्याने राहणार नाही, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहोत, लिहून देणार यापुढे पोटगी मागणार नाही." सगळ्यांना हायसं वाटलं, कोर्टाची पायरी चढावी नाही लागली न. ताई दीड वर्षाच्या पोराला घेऊन नागपूरलाच राहिली.

मग 2024 मधे वर्ध्याचं एक स्थळ आलं. चांगला माणूस, बायको वारलेली. त्याच्या भावाने निरोप दिला की डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या निकालाची, नक्कल पाठवा. आम्ही मोठ्या ऐटीत स्टॅम्प पेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दहा मिनिटांनी उत्तर, "हे नाही ताई, कोर्टाची नक्कल."

आत्या म्हणे, "पाच वर्षं झाली न बाप्पा वेगळं राहून, आता कायचं कोर्ट?"

नागपुरातच सदर भागात एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, कायद्याने तुम्ही आजही त्यांच्याच बायको आहात. हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्यात लग्न मोडायचा अधिकार कोर्टाला आहे, नोटरीला नाही. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो. एखाद्या समाजात रूढीने फारकत चालत असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी जुनी आहे, आजही चालू आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि आमच्याकडे तर अशी फारकत कोणीच ऐकली नव्हती. मामाजींनी मधेच पिल्लू सोडलं की आपलं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, आपल्याला हिंदू कायदा काहून लागेल? तर लागतो म्हणे, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागतो, कायद्याच्या सुरुवातीलाच लिहून आहे. (नागपुरात हा प्रश्न आपल्याला रोज ऐकावा लागतो असंही म्हणाल्या.)

म्हणजे त्या कागदाच्या भरवशावर ताईने वर्ध्याला लग्न केलं असतं तर ते लग्नच रद्दबातल, वरून गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मला तर घामच फुटला. आपण लोकं मुलीच्या लग्नात आचारी तीनदा बदलतो आणि घटस्फोट मात्र अर्ध्या दुपारी उरकतो, कमाल आहे.

पोटगीच्या ओळीवर तर त्या हसल्याच. बायकोने असं लिहून दिलं तरी पोटगीचा हक्क तेवढ्याने संपत नाही आणि लेकराच्या खर्चाचा हक्क तर लेकराचा आहे, आई तो सोडूच शकत नाही. पाच वर्षं ताईने लेकराचा सगळा खर्च एकटीने केला तो या एका ओळीला घाबरून. मला खरा राग या गोष्टीचा आहे. बैठकीतल्या बारा माणसांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, मी पण त्यातलीच, पोहे मीच वाढून राहिली होती.

नशिबाने भाटवे (अजून तोंडात तेच येते, काय करू) पण दुसऱ्या लग्नाच्या विचारात होते, त्यामुळे परस्पर संमतीचा अर्ज जमला, कलम 13-ब. त्याला एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, ते तर होतंच. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण 2017 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लोकं आधीच बराच काळ वेगळे असतील, मुलाचं, पैशाचं सगळं ठरलं असेल आणि समेटाची आशा नसेल तर कोर्ट ते सहा महिने माफ करू शकतं. आमच्या वकीलबाईंनी तसा अर्ज टाकला. आणि हो, शेवटचा निकाल लागेपर्यंत दोघातला कोणीही संमती परत घेऊ शकतो, म्हणून आत्या रोज भाटव्यांच्या नावाने विहारात मेणबत्ती लावून राहिली होती.

वकिलाच्या फीसाठी कर्ज काढू नका, बायकांना उत्पन्न कितीही असो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे आम्हाला अर्धी फी भरल्यावर कळलं.

घटस्फोट लवकर ठरला, अडलं सामानावर. लग्नात बाईला मिळालेलं ते स्त्रीधन, ते तिचंच, सासरी ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. ताईने वहीच्या पानावर यादी केली. पाटल्या दोन, मंगळसूत्र, स्टीलची कोठी, मिक्सर, आणि मोठा कूलर, लोखंडी, आत्याने सीताबर्डीवरून घेतलेला. पाटल्यांवर भाटवे काही बोलले नाही. कूलर म्हटल्याबरोबर म्हणे, "त्याची मोटर मी बदलली आहे, खस दरवर्षी मी बदलतो." कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी पेन खाली ठेवला. अर्धा तास कूलर. पोरगा आईकडे, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बापाकडे, दिवाळीची अर्धी सुट्टी, महिन्याचा खर्च, हे सगळं वीस मिनिटांत झालं होतं.

शेवटी संमतीच्या अटींमधे टाइप झालं, "एक नग कूलर, मोटरसह".

एप्रिलच्या शेवटी, कोर्टाला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी, जजसाहेबांनी दोघांना समोर बोलावलं, कोणाचा दबाव आहे का विचारलं, दोघं नाही म्हणाले. झालं. बाहेर रसवंतीवर सगळे उभे, तोंडाला दुपट्टे बांधून, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मग भाटवेच ताईजवळ आले. म्हणे, "कूलर जूनमधे नेशील का? सध्या लय गर्मी आहे."

ताई म्हणाली, "छोटा हत्ती बाहेरच उभा आहे."